शंभर भेटींची अट

ज्याचं मोजमाप होत नाही त्याला गुण देता येत नाहीत, आणि ज्याला गुण देता येत नाहीत ते शिकवण्यात कुणाचंच हित नसतं, हे उच्च शिक्षणाचं मूलभूत तत्त्व आहे. मराठी साहित्य हा विषय या तत्त्वाला बरीच वर्षं चकवत आला होता. २००८ साली विरार पश्चिमेच्या एका महाविद्यालयात तो अखेर सापडला.

झालं असं की, तिसऱ्या वर्षाला मराठी शिकवणाऱ्या प्रा. स्वप्ना सामंत मुंबईला तीन दिवसांच्या कार्यशाळेला गेल्या आणि येताना एक कापडी पिशवी, एक प्रमाणपत्र आणि ब्लॉगची कल्पना घेऊन आल्या. विद्यार्थ्याने वर्षभर आपल्या ब्लॉगवर मनातलं लिहायचं, वर्षाअखेरीस तोच त्याचा पोर्टफोलिओ, म्हणजे लेखनाचा संग्रह, मानायचा आणि त्याला वीस गुण द्यायचे. मुलं मोकळी होतील, जग वाचेल. कल्पना उत्तम होती. (कार्यशाळेत कल्पना उत्तमच असतात. तिथे जेवण असतं.)

अंमलबजावणी आग्नेल लोपीसकडे आली. नंदाखालचा आग्नेल पदार्थविज्ञानाचा पदवीधर, आणि महाविद्यालयाचा संगणक कक्ष त्याच्या ताब्यात. (संगणक अकरा, चालू सात, चपला बाहेर.) स्वभावाने तो इतका काटेकोर की चहातली साखरही सपाट चमच्याने घेई. सगळ्यांचे ब्लॉग सारख्या पद्धतीने तपासता यावेत असा काही नमुना आहे का, असं मॅडमनी त्याला विचारलं. त्याने आयुष्यात एकच नमुना पाहिला होता, प्रयोगवहीचा. तो त्याने दिला: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष.

बेचाळीसपैकी एकेचाळीस विद्यार्थ्यांनी तो हसतमुखाने स्वीकारला. बोळिंजच्या आर्याने पहिला लेख लिहिला. 'उद्देश: कवितेचा आनंद घेणे. साहित्य: कविता, पेन, शांत जागा. कृती: कविता दोनदा वाचली. निरीक्षण: दुसऱ्या वेळी आनंद जास्त झाला. निष्कर्ष: आनंद होतो.' मॅडमनी तो सूचनाफलकावर लावला. पुढच्या आठवड्यात उरलेल्या चाळीस जणांनाही दुसऱ्याच वेळी आनंद जास्त झाला.

हळूहळू कार्यपद्धतीला आकार आला. लेख आधी वहीत लिहायचा, कारण थेट संगणकावर लिहिल्यास चुका जगभर जातात. वहीवर मॅडमची सही झाली की तो तुळिंजच्या सायबर कॅफेत टाइप करायचा, कारण तिथे मराठी अक्षरं उमटत. (महाविद्यालयाचे सात संगणकही उपलब्ध होते, फक्त भारनियमनाची वेळ आणि ब्लॉगचा तास एकच होता.) मग तो ब्लॉगवर चढवायचा, मग त्याची प्रिंट काढायची, स्पायरल बाइंडिंग करायचं आणि पालकांची सही घेऊन जमा करायचा. प्राचार्यांनी एका प्रिंटवरच्या निळ्या दुव्यावर बोट दाबून पाहिलं. काही उघडलं नाही. पण छपाई स्वच्छ असल्याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं.

जग वाचतंय याला पुरावा हवा, म्हणून दोन अटी आल्या. प्रत्येक ब्लॉगला किमान शंभर भेटी आणि किमान पाच अभिप्राय. भेटींचा आकडा पानाच्या तळाशी आपोआप वाढे. आग्नेलने तक्ता केला. एकेचाळीस ब्लॉगवर मिळून अभिप्राय दोनशे पाच. पैकी 'छान लिहिलंस' एकशे अठ्ठ्याऐंशी, 'खूप छान' सोळा, आणि 'माझ्या ब्लॉगवर पण ये ना' एक. आर्याच्या ब्लॉगला दोन हजार तीनशे सोळा भेटी होत्या. त्यांतल्या बहुतेक अंधेरीच्या एकाच ऑफिसातून आलेल्या. तिथे तिचा भाऊ पान पुन्हा पुन्हा उघडणाऱ्या कीबोर्डाच्या बटणावर स्टेपलर ठेवून जेवायला जाई.

उरली पाचूबंदरची ग्रेसी. तिचा लेख एकच. शब्द दोनशे बारा, फोटो नाही, नमुना नाही. अभिप्राय शून्य, भेटी नऊ. आग्नेलने छडा लावला: चार भेटी ग्रेसीच्या, चार त्याच्या स्वतःच्या (शब्द, शीर्षक, नमुना आणि दुवे तपासण्यासाठी), आणि एक नॉर्वेतून, बहुधा चुकून. अटीत न बसल्याने ग्रेसीला वीसपैकी शून्य पडणार होते. किमान आठ मिळाल्याशिवाय विषय सुटत नव्हता, आणि विषय सुटल्याशिवाय बी.एड.चा अर्ज भरता येत नव्हता. तिला शाळेत शिकवायचं होतं.

आग्नेलने तिला बोलावून निदान वर उद्देश तरी घाल म्हणून सांगितलं.

"उद्देश असता तर लिहिलंच नसतं, सर," ग्रेसी म्हणाली.

आग्नेलने हे तक्त्यात कुठे घालावं याचा विचार केला. जागा नव्हती. मॅडमना विचारलं, तर मुलगी गुणी आहे पण नियमाला आपण काय करणार, असं त्या कळवळून म्हणाल्या. तिच्या वहीवर त्यांची सही होती, तारखेसह.

लेख जमा करण्याच्या शेवटच्या दिवशी ग्रेसीची आई, रोझमेरी, सही करायला आली. बाजारातून थेट आली होती. चपला बाहेर ठेवल्या, आणि कुणी सांगण्याआधीच मासळीची टोपलीही त्यांच्या शेजारी ठेवली. आग्नेलने जागा दाखवली, पेन दिलं. तिने पेन हातात धरून ठेवलं.

"सही करते मी. पन लिवलंय काय तिनं?"

आग्नेलने सांगितलं, शब्द दोनशे बारा, भेटी नऊ.

"त्ये आकडे ऱ्हाऊ दे, पोरा. लिवलंय काय?"

हा प्रश्न त्या कक्षात आठ महिन्यांत प्रथमच उपस्थित होत होता. आग्नेलने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाला, "थांबा, आंटी," आणि पान उघडून त्याने लेख मोठ्याने वाचला. दोन मिनिटं लागली. वीज होती.

रोझमेरी म्हणाली, "मी तर कंदी बोलले न्हाय. हिला कसं कलालं?"

तिने सही केली, टोपली उचलली आणि गेली.

आग्नेलने पडद्याकडे पाहिलं. भेटी आता दहा होत्या. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत लंबकाचं उत्तर आधी ठरलेलं असे आणि निरीक्षणं मागाहून येत. ते शिक्षण अशा वेळी उपयोगी पडतं. त्याने तेच बटण नव्वद वेळा दाबलं. (स्टेपलर न वापरता, मोजून.) रोझमेरीचं वाक्य जसंच्या तसं पहिला अभिप्राय म्हणून घातलं, आणि खाली एकसारखेपणासाठी चार वेळा 'छान लिहिलंस' लिहिलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शंभर भेटी पाहिल्या, पाच अभिप्राय मोजले आणि शेरा मारला: 'अटींची पूर्तता समाधानकारक. पहिला अभिप्राय विषयाला सोडून आहे.'

ग्रेसीला किती पडले एवढं कळावं म्हणून तुम्ही इथवर आलात, हे उघड आहे. चौदा. बी.एड.चा अर्जही भरला गेला. तिने लिहिलं काय होतं, हे विचारणारी व्यक्ती मात्र अजूनही एकच आहे, आणि तिला त्या दिवशी उरलेली मासळी विकायची होती. तरी हरकत नाही. तुमची भेट मोजली आहे.