भाऊजींचं गवती चहाचं तेल

आल्यागेल्याला लोक आधी पाणी विचारतात. माझे धाकटे दीर, प्रभाकर भाऊजी, आधी त्याची कॉलर मागे ओढून मान बघतात. "काहून गा, खाजते काय?" गजकर्ण दिसलं की स्वारी खूश! लगेच खिशातून कुपी निघते. गवती चहाचं तेल, लवंगेचं तेल, निलगिरी. लग्न केलं नाही, खोलीभर नुसत्या कुप्या.

एकदा शेजारच्या मास्तरांच्या पाठीला लवंगेचं तेल खोबरेलात न मिसळताच चोपडलं. मास्तर बोंबलत नळाखाली जाऊन बसले. आणि भाऊजी मला म्हणतात, "तेल नाही चुकत वहिनी, कातडी चुकते!"

म्हणून ऐन लग्नाच्या तोंडावर माझ्या पल्लवीच्या मानेवर गजकर्ण उठलं, तेव्हा मी बजावलंच, "भाऊजी, पोरीच्या मानेले बोट लावलं तर याद राखा!" सरळ धंतोलीतला डॉक्टर गाठला. गोळ्या झाल्या, मलम झालं. भाऊजी फुगून बसले, पण हात लावला नाही. डॉक्टर म्हणाले, बरं झालंय, डाग जायला वेळ लागेल. आता वेळ कुठून आणू?

हळदीच्या दिवशी तिची वेणी मी मानेवर घट्ट बसवली. जीव थाऱ्यावर नव्हता माझा. आणि नेमकी नवरदेवाच्या आत्याबाईंनी वेणी उचलली. "विहीणबाई, हे काय हो? पोरीले कातडीचा रोग हाय, अन् आम्हाले सांगतलं नाही?"

बायकांचे हळदीचे हात तिथेच थांबले. पल्लवी पांढरीफटक पडली. लग्न मोडतं की काय, एवढंच डोक्यात.

गर्दीतून भाऊजी पुढे आले. "रोग नाही बाई. म्या तेल लावलं, त्यानं पोळलं. चूक माही हाय. तिथं हात नका लावू, झोंबते तिले."

मग काय! आत्याबाईंनी त्यांना भर मांडवात झाप झाप झापलं. येडा माणूस, पोरीच्या जिवावर उठला! मास्तरांनीही मागून री ओढली. भाऊजी हात जोडून उभे. सगळे हसले, आणि हळद पुन्हा सुरू झाली. मला मात्र रडू आवरेना.

हळद आटोपल्यावर पल्लवी त्यांच्यापाशी गेली. "काका, तुम्ही तं बोटबी नव्हतं लावलं."

"हळू बोल वं माय," भाऊजी म्हणाले. "आत्याबाई ऐकतीन."