श्रावणातले चोवीस गोळे

बत्तीस वर्षं मी जळगाव-धुळे एसटी चालवली. एरंडोल-पारोळ्याचे सगळे खड्डे मला तोंडपाठ होते. अशा माणसाला गोळ्यांचा रस्सा काय जड जाणार? असं मी किरणला फोनवर म्हणालो आणि तिथंच फसलो.

किरण माझा मुलगा. तो पुण्याला असतो. आठ महिन्यांपूर्वी माझी बायको रत्ना गेली, तेव्हापासून त्याचं एकच चाललंय, "नाना, एकटे राहू नका, इकडे या." पण मला हे घर सोडवत नाही. इथली प्रत्येक वस्तू रत्नानं ठेवली तिथंच आहे. पुण्यात मी काय शोधत बसू? शेवटी असं ठरलं की रविवारी तो आणि सून डिंपल येतील आणि मी स्वतः रांधून त्यांना जेवू घालायचं. जमलं तर जळगाव, नाही तर पुणे.

डिंपल मटन सोडाच, दूध-तूपसुद्धा खात नाही. तिनंच सांगितलं की दिसायला मटनाच्या खिम्यासारखे, पण वाटाण्याचे गोळे तयार मिळतात. रिंगरोडच्या मोठ्या दुकानात मिळाले. दगडासारखे गोठलेले. दोन पाकिटं, चोवीस गोळे.

मला रस्सा येतो एकच. आखाडात शेतावर मटनाचा करतात तो. मी कांदा-खोबरं चुलीसारखं गॅसवर काळं भाजलं, काळा मसाला घातला, वर बोटभर तेलाची तर्री आली. वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. श्रावण चालू आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. पंचांग रत्ना बघायची.

रस्सा उकळला आणि माझी नजर फळीवर गेली. आठ महिने गल्लीनं मला जेवू घातलं होतं. त्यांच्या अकरा वाट्या माझ्याकडे साचल्या होत्या. आमच्याकडे वाटी रिकामी परत जात नाही. म्हटलं, आज घरात काहीतरी शिजलंय, आजच देऊन टाकू. प्रत्येक वाटीत दोन गोळे आणि वर रस्सा. घरोघर जाऊन मी "घ्या, हातानं केलंय" म्हणत वाट्या देऊन आलो. उरले किती, ते बघितलं नाही. एसटीत मोजायचं काम कंडक्टरचं असतं.

दहा मिनिटांत दारात द्रौपदाअक्का. गळ्यात माळ, हातात वाटी.

"अभिमनभाऊ, हाई काय शे?"

"गोळे आहेत, अक्का. वाटाण्याचे."

"वाटाणा असा दिसतो? सरावन शे ना! माळकरी बाईच्या घरात तू मटन धाडलं?"

"अक्का, शप्पथ. थांबा, पाकीट दाखवतो."

पाकीट सकाळीच घंटागाडीत गेलं होतं. तोवर मागून आणखी नऊ वाट्या आल्या, माणसांसकट. लीलाधर म्हणाला, "भाऊ एकटे पडले तसं त्यांचं ध्यान राहत नाही. त्यांना मुलाकडे धाडायला पाहिजे." हे ऐकून मला घाम फुटला.

एवढ्यात पितांबरआबा तोंड पुसत आले. त्यांची वाटी चाटूनपुसून स्वच्छ होती.

"आबा, तुम्ही खाल्लं?" अक्का म्हणाल्या.

"मी खाई टाकं ना भो. म्हटलं, माणसानं दुःखात चूक केली, आपण झाकून घ्यावी."

"दोन्ही गोळे?"

"एकानं झाकली नसती."

नेमकी तेव्हाच रिक्षा थांबली. किरण आणि डिंपल उतरले. बाप दारात आरोपीसारखा उभा, समोर गल्ली. किरणचा चेहरा बघून मी मनातल्या मनात पुण्याची बॅग भरली.

डिंपलनं काय झालं ते ऐकलं, अक्कांच्या वाटीतला एक गोळा उचलला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. "वाटाणाच आहे. मीच सांगितलं होतं आणायला."

अक्का विचारात पडल्या. "जी पोरगी दूध पित नाही, ती मटन कशाला खाईल?" त्यांनी वाटी परत ओढून घेतली. उरलेला गोळा तिथंच खाल्ला. बाकीच्यांनीही आपापल्या वाट्या घेतल्या आणि ओट्यावर बसून खायला लागले. फक्त आबा खट्टू झाले. "वाटाणा? म्हणजे मी नियम मोडला तो उगाच."

मी पाहुण्यांना ताटं वाढायला गेलो. कढईत गोळे दोनच. पोळ्या करायच्या राहूनच गेल्या होत्या. मी कढईकडे बघत उभा असताना अक्का आत डोकावल्या आणि तशाच मागे फिरल्या. थोड्या वेळात ज्वारी-उडदाच्या, म्हणजे कळण्याच्या भाकरी आल्या, ठेचा आला, लीलाधरच्या घरून बिनतुपाचं वरण आलं. डिंपलनं तीन भाकरी खाल्ल्या.

जेवण झाल्यावर किरण म्हणाला, "नाना, राहा इथंच. इथं तुम्हाला कोणी उपाशी ठेवणार नाही. आणि काही चुकलं तर दहा मिनिटांत सगळी गल्ली दारात."

मला आनंद झाला, पण जरा लागलंही. म्हटलं, "रस्सा तर मी केला होता ना? गल्लीनं चाटूनपुसून खाल्ला."

किरणनं डिंपलकडे बघितलं. डिंपलनं ताटाकडे.

"नाना," ती हळूच म्हणाली, "त्यात मीठ नव्हतं."

अकरा घरं. भांडायला सगळी आली होती, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.