टोन तुलना उपसमिती

यंदाच्या यात्रेत बाहेरचा ऑर्केस्ट्रा न आणता गावातल्याच सूरजला गिटार वाजवू द्यावी, असा ठराव आमच्या ग्रामसभेत एकमताने मंजूर झाला. इतक्या सहज एकमत झाले म्हणजे काहीतरी राहून गेले असणार, ही शंका अध्यक्ष कुंडलिकतात्यांना तेव्हाच आली होती. गावाचे नाव मी देत नाही. पिंपरी पेंढार आणि निमगाव सावा या दोन्ही गावांनी ते आपले नसल्याचे आगाऊ कळवले आहे.

सूरज एका बेंजो पार्टीत असतो. जुन्नर-आंबेगावातल्या निम्म्या वराती त्याने वाजवल्या आहेत, पण ताशे आणि नवरदेवाचे मित्र यांच्यापुढे त्याची गिटार आजवर कुणाच्या कानावर पडलेली नाही. आपल्या गावाने आपल्याला एकदा नीट ऐकावे, एवढीच त्याची मागणी होती. त्यासाठी गिटारीला एक पेटी लागणार होती. पूर्वी गिटारीमागे कपाटासारखा जड, तापणारा अँप्लिफायर ठेवावा लागे. आता हुबेहूब त्याचाच आवाज काढून देणारी डिजिटल पेटी निघाली आहे आणि ती पिशवीत मावते. त्या आवाजाच्या पोताला जाणकार ‘टोन’ म्हणतात. आमच्याकडे तेव्हा जाणकार कोणीच नव्हते. पुढे सगळेच झाले.

नारायणगावात इलेक्ट्रॉनिक्सचे दुकान असलेल्या कल्पेशशेठनी पुण्याहून दोन पेट्या बघायला आणल्या, एक लाल आणि एक काळी. सूरजने घरी नेऊन दोन्ही लावून पाहिल्या.

“दोन्ही लई भारी हायेत,” तो बैठकीत म्हणाला. “कुठलीबी एक द्या तात्या, मी वाजवतो.”

“कुठलीबी?” तात्यांनी चष्मा काढला. “आरं, उद्या लोक इचारतील, तुलना केली व्हती का? मंग काय सांगायचं? सूरज बोलला म्हणून घेतली?”

त्याच बैठकीत टोन तुलना उपसमिती अस्तित्वात आली. पदसिद्ध अध्यक्ष तात्या, तांत्रिक सदस्य कल्पेशशेठ, लोकप्रतिनिधी म्हणून बैलगाडा शर्यतीच्या घाटावरचे निवेदक चिमाजी आणि सचिव मी. सूरजला निमंत्रित म्हणून घेतले. निमंत्रिताला बोलता येते, पण त्याचे बोलणे धरत नाहीत.

पहिली चाचणी पंचायतीच्या सभागृहात झाली. रंग पाहून मत बनू नये म्हणून पेट्या आणि सूरज यांना सतरंजीच्या आडोशाला बसवले. आतून थोडे टणटण ऐकू आले आणि सदस्यांनी डोळे मिटले.

“ही लाल,” कल्पेशशेठ म्हणाले. “ऊब आहे, पण खोली कमी पडते.”

“ही काळी हाये,” चिमाजी म्हणाले. “दम बघा की! लाल नुसती चकाकती, राव.”

“दोघंबी बरोबर हायेत,” तात्यांनी समारोप केला.

सतरंजीमागून सूरजचा आवाज आला. “आवो, आजून पेटीच चालू केली न्हाई. मी तारा जुळवत व्हतो.”

निमंत्रिताचे हे विधान तांत्रिक स्वरूपाचे असल्याने पुढील बैठकीकडे वर्ग करण्यात आले. सदस्यांची मते मात्र प्राथमिक निष्कर्ष म्हणून कायम झाली.

पुढील बैठकीत पेट्या खरोखर चालू केल्या, आणि तिथेच खरी अडचण निघाली. सूरज लाल पेटीवर जरा खुशीत वाजवतो, असा आक्षेप चिमाजींनी घेतला. वाजवणारा खुशीत असेल तर श्रेय पेटीचे की खुशीचे, हे कसे ठरवायचे? तात्यांनी सूरजला जीव न लावता वाजवायला सांगितले.

“जीव न लावता वाजवायचं म्हंजी कसं?” सूरजने विचारले.

“आमी बैठकीत बसतो तसं,” तात्या म्हणाले.

त्याने प्रयत्न केला, पण सुराला जीव लावून घ्यायची मुळातच वाईट सवय. म्हणून गाणे रद्द करून एकच तार छेडायचे ठरले. एका तारेवरही बोट कधी हलके पडते, कधी जड. अखेर ती तार एकदाच छेडून ध्वनिमुद्रित केली, आणि तो ‘टँव’ दोन्ही पेट्यांतून आलटून पालटून सोडायची सोय कल्पेशशेठनी करून दिली. वाजवणारा हा बदलता घटक अशा रीतीने चाचणीतून वगळण्यात आला. पुराव्यात फेरफार नको म्हणून गिटारही लाखेचे सील मारून पंचायतीच्या कपाटात ठेवली.

“आन् यात्रंत मी काय वाजवू?” सूरजने कपाटाकडे बघत विचारले.

“त्याच्या आत निकाल लागतोय की,” तात्या म्हणाले.

निकाल लागेना, कारण ‘टँव’ दोन्हीकडून सारखाच येत होता आणि मते दर बैठकीला बदलत होती. चार घरांत लालवाले आणि काळीवाले वेगळे जेवू लागले. मग चिमाजींनीच मार्ग काढला.

“आपल्याकडं तुलना म्हंजी बारी,” ते म्हणाले. “घाटात कर्ण्यावर टोन सोडा आन् बैल पळवा. बैलाला लाल-काळी कळत न्हाई. त्यो खोटं बोलत न्हाई.”

इतके शास्त्रशुद्ध कोणी आजवर बोलले नव्हते. घाट सजला, घड्याळवाले बसले, लाल पेटीचा ‘टँव’ कर्ण्यातून निघाला आणि बारी, म्हणजे बैलांची एक धाव, सुटली. त्यानंतर त्याच जातिवंत बैलांची काळीवर बारी झाली. दोन्ही बाऱ्या ठरलेल्या सेकंदांत बसून पहिल्या नंबरात आल्या, वेळेत तसूभर फरक नाही. तेव्हा आमच्या लक्षात आले, की दोन्ही वेळा माइक चिमाजींच्या हातात होता आणि “झाली, झाली, भिर्रर्र!” याखेरीज बैलांनी काहीच ऐकलेले नव्हते.

“यांचा माइक बंद करून परत घेऊ,” कल्पेशशेठ म्हणाले.

“माझ्याबिगर?” चिमाजींचा चेहरा उतरला. “मंग ती बारी न्हाई शेठ, नुसती पळापळ व्हईल.”

त्यांचे म्हणणे रास्त होते. म्हणून चिमाजींचा आवाज हाच तिसरा टोन म्हणून तुलनेत दाखल झाला, आणि घाटावरच्या जनमतात तो पहिला आला. तसली पेटी पुण्यात मिळते का, याची चौकशी कल्पेशशेठ आजही करीत आहेत.

या गडबडीत यात्रा आली. निकाल नसल्याने सील तोडता येईना. स्टेजवर लाल आणि काळी पेटी हार घालून मांडली, ‘टँव’ आलटून पालटून सोडला आणि लोकांकडून हात वर करून मते घेतली. कार्यक्रम अतिशय रंगला. इतके कान देऊन ऐकणारी गर्दी मी आमच्या यात्रेत कधी पाहिली नव्हती. सूरजला एका वरातीची सुपारी आली होती. उसनी गिटार घेऊन तो केव्हाच गेला होता.

त्याची आई अंजनाबाई मात्र नवे लुगडे नेसून पहिल्या रांगेत बसली होती. तिला कोणी काही सांगितले नव्हते. बऱ्याच वेळाने ती उठली.

“माझा सूरज कवा वाजवनार वो?”

मी मोजणीची वही चाळू लागलो.

“खाली बसा वहिनी,” तात्या समजुतीने म्हणाले. “तुमी त्याची आई. तुमचा हितसंबंध येतो. तुमचं मत आमाला धरता येत न्हाई.”

ती बसली आणि मोजणी पुढे सुरू झाली.

तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून माणसे येतात, अगदी पार डोंगरातल्या आहुप्याहूनही दोघे येऊन गेले. सगळे एकच विचारतात, चांगली पेटी कोणती. सूरज वाजवतो कसा, हे अजून कोणी विचारलेले नाही. आपल्यालाही इथवर वाचत येताना लाल की काळी एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर संकोच करू नये. उपसमितीत आपल्यासारख्यांना जागा आहे.