तीन मिनिटं झाली, वाढवू का?

आमच्या सोसायटीत कुणी तीन मिनिटांच्या वर बोललं, की मालूमावशी त्याला तोडतात. घड्याळ बघत नाहीत. कानाला अजून हेडफोन असल्यासारखी मान डावीकडे कलते आणि एक शांत, सरकारी आवाज येतो, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" "वाढवा" म्हणायची हिंमत झालेला माणूस मी पाहिलेला नाही.

मावशींची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली. परगावचा फोन तेव्हा ऑपरेटर जोडून द्यायची आणि तीन मिनिटांनी मधे येऊन हाच प्रश्न विचारायची. ट्रंक कॉल संपले, मावशी रिटायर झाल्या, पण ड्युटी काही सुटली नाही. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या तळमजल्यावर एकट्या राहतात. त्यांची खिडकी मागच्या फाटकाकडे उघडते. रिक्षा तिथेच सोडते, त्यामुळे संध्याकाळी सगळी सोसायटी त्या खिडकीवरून घरी जाते. प्रत्येक जण थांबतो, बोलतो, तोडला जातो आणि जिना चढतो.

तिसऱ्या मजल्यावरचे म्हात्रेकाका आणि त्यांच्या खालचे जोशीकाका गळतीवरून एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण मात्र नियमित चालतं, मावशींमार्फत.

"मालूताई, त्याला सांगा, माझ्या बाथरूमचं पानी नाय ते."

जोशीकाका समोरच उभे असतात. तरी मावशी त्यांच्याकडे वळून सांगतात, "म्हात्रे म्हणतात, त्यांच्या बाथरूमचं पाणी नाही. बोला."

"त्यांना विचारा, मग काय माझ्या छताला घाम फुटतो?"

"म्हात्रे, होल्ड करा. जोशी विचारतात, छताला घाम फुटतो का?"

मी एकदा विचारलं, "मावशी, पण तुम्हाला काय वाटतं? कोणाचं खरं?"

त्या दचकल्याच. "ऑपरेटरने मधे बोलायचं नसतं गं. फक्त जोडायचं."

मला ते पटलं, कारण मीही बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठीत बोलताना ऐन वेळी शब्द सापडणार नाही अशी भीती वाटते, आणि इंग्रजीत बोललं तर लोकांना शिष्ट वाटेल अशी. मावशी माझी ओळख करून देतात, "ही आमची इंग्लिश लाइन. आवाज बारीक येतो, पण खरखर नाही."

गेल्या वर्षी मी ठाण्याला माजिवड्याजवळ एका संस्थेत शाश्वत विकासाच्या कोर्सला प्रवेश घेतला. पहिल्याच तासाला सर म्हणाले, "संशोधकाने कमी बोलावं." मला वाटलं, आपली जागा सापडली. मग त्यांनी पुढचं सांगितलं. प्रत्येकाने आपल्या वस्तीत एक 'लिव्हिंग लॅब' चालवायची. म्हणजे लोक राहतात तीच प्रयोगशाळा. प्रयोग लोकांनीच ठरवायचा, करून बघायचा, चुकला तर बदलायचा. त्यासाठी आधी सभा घ्यायची. मला रात्रभर झोप लागली नाही.

मी फळ्यावर लिहिलं, 'लिव्हिंग लॅब, रविवारी सकाळी, पार्किंगमध्ये.' जोशीकाका बाही दुमडून, उपाशीपोटी आले. "रक्त आधी घेणार की भाषण आधी?"

मी काहीतरी पुटपुटले. कुणाला ऐकूच गेलं नाही. तेव्हा मावशी खुर्ची ओढून मध्यभागी बसल्या. "ओल्या कचऱ्याचं खत करायचंय. खड्डा कुठे, ते ठरवायचंय. एकेक लाइन लावते. पहिला मजला, बोला."

कोर्समध्ये 'सर्वांना समान संधी' शिकवायला सरांना दोन तास लागले होते. मावशींनी ती अर्ध्या तासात दिली. जे कधी तोंड उघडत नाहीत ते बोलले, आणि जे थांबत नाहीत ते तीन मिनिटांत तुटले. मी जमिनीवर रांगोळीने सोसायटीचा नकाशा काढला होता. चार जागा सुचल्या. प्रत्येक घराला एक शेंगदाणा, तेच मत. आवडेल त्या जागेवर ठेवायचा.

म्हात्रेकाकांनी बोलता बोलता आपलं मत खाल्लं.

"म्हात्र्यांची लाइन कट," मावशी म्हणाल्या. "दुसरा दाणा मिळणार नाही."

गेटजवळ नको, पाहुणे येतात. टाकीजवळ नको, पाणी आहे. पार्किंगमध्ये नको, गाड्या आहेत. ज्याच्या त्याच्या दारापासून सरकत सरकत शेंगदाणे मागच्या फाटकाशी जमले, मावशींच्या खिडकीखाली. मावशींनी स्वतः ते मोजले आणि त्याच आवाजात जाहीर केलं, "जागा ठरली. सभा संपली." त्यांचा स्वतःचा शेंगदाणा त्यांच्या मुठीतच होता. तो मला दिसला. मी काही बोलले नाही.

प्रयोग उत्तम चालला. खत काळं, भुसभुशीत झालं, गच्चीवरच्या मिरच्यांना फूल आलं. फक्त वास यायचा. मावशींनी खिडकी लावून घेतली. विचारलं तर म्हणायच्या, "कसला वास? मला सर्दी आहे." ही सर्दी महिनाभर टिकली. लोक नाक धरून रिक्षा पुढच्या गेटला वळवायला लागले. निरोप थांबले. म्हात्रे आणि जोशींचं भांडणसुद्धा मध्यस्थाविना बंद पडलं.

कोर्सच्या नियमाप्रमाणे मी आढावा सभा घेतली. मावशींनी एकेक लाइन लावली. सगळे खूश होते. जोशीकाका म्हणाले, खड्डा आता पक्का बांधून टाकू.

"सगळे बोलले?" मावशींनी विचारलं. "बंद करते."

"एक लाइन राहिली," मी म्हणाले.

आवाज इतका मोठा आला की मीच घाबरले. सगळे वळले.

"कोणाची?"

"तुमची. बोला, मावशी."

"ऑपरेटरने मधे..."

"तीन मिनिटं आहेत तुमची."

मावशींची मान डावीकडे कलली. पलीकडून कुणीतरी बोलेल म्हणून थांबावं तशा त्या थांबल्या. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले. आवाज आला तो सरकारी नव्हता.

"वासाचं काही नाही गं. त्याची सवय होते. पण आता मागून कुणी येत नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "संध्याकाळी चहा दोन वेळा गरम करते. मग ओतून देते. एवढंच."

म्हात्रेकाकांनी घसा खाकरला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ जोशीकाकांकडे पाहिलं. "खड्डा माझे स्कूटरच्या बाजूला टाका. तिला कुठं नाक हाय?"

"टाकू," जोशीकाका म्हणाले. मावशींना हा निरोप पोचवावा लागला नाही.

खड्डा हलला त्या आठवड्यात मी ठाण्याहून आले, ती मागच्या फाटकातून. खिडकी उघडी होती. मी कोर्सबद्दल बोलले, सरांबद्दल बोलले, एका मुलाबद्दलही थोडं बोलले. मावशी गजांना टेकून ऐकत होत्या. एकदम त्यांची मान डावीकडे कलली.

"तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

"वाढवा," मी म्हणाले.

त्या चहा गरम करायला आत गेल्या.