रशीदभाईंचा टचस्क्रीन

रशीदभाई कपडेवाले बोलता बोलता समोरच्याचा शर्ट चिमटीत धरून चोळतात. ओळख असो, नसो. एकदा झेंडावंदनाला त्यांनी नव्या तहसीलदारांची बाही भर गर्दीत धरली आणि हळहळून म्हणाले, "साहेब, फसवलं तुमाला. यात सूत न्हाई." आम्ही सगळे जागच्या जागी गार. साहेब आपलीच बाही बघत राहिले.

सेनगावात त्यांच्या कापडदुकानासमोरच माझं कॉम्प्युटरचं दुकान. हात लावल्याबिगर या माणसाचा कशावर भरोसा म्हणून नाही. लग्नात पेढासुद्धा आधी दाबून बघतात. खिशात बटणांचा जुना मोबाईल. असा माणूस एक दिवस येऊन लॅपटॉप मागतो म्हटल्यावर मी उडालोच.

मला वाटलं, दुकानाचा हिशोब करायचा असेल. म्हणून सांगितलं, साधा घ्या. टचस्क्रीनवर बोटांचे डाग पडतात, बॅटरी लवकर उतरते, आणि तुमाला त्याचं कामच काय? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना नायलॉन नेसवायला निघालो होतो. "हात लावून काहीच होत न्हाई, ती चीज घ्यायची काहून?" टचस्क्रीनच घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतो तर हे दारात. साधा पाहिजे म्हणे, बदलून द्या. माझं डोकंच सटकलं. लॅपटॉप म्हणजे काय लुगडं आहे, रंग पटला नाही की परत? हवं तर टच बंद करून देतो म्हटलं. तर म्हणे, बंद केलेलं कधी चालू होईल, काय भरोसा?

मग खाली मान घालून सांगायला लागले. बायको गेल्यापासून घरात एकटेच. लेक रुबीना मस्कतला, तिला नुकताच मुलगा झालेला. त्याला बघायलाच लॅपटॉप घेतलेला. पण पडद्यावर लेकराचा गाल नेमका खाली, लाल बटणापाशी. कुरवाळायला जावं तर कॉल कट. पुन्हा लावला, पुन्हा कट. शेवटी रुबीना रडायला लागली, की अब्बा माझ्यावर रागावले, तोंड दिसलं की बंद करून राहिले.

"तुमीच सांगा," ते म्हणाले, "समोर लेकरू असल्यावर हात कसा आवरू?"

मी साधा लॅपटॉप काढला, दुकानातल्या नेटवरच रुबीनाला कॉल लावून दिला. लेकरू दिसलं. रशीदभाईंनी भीत भीत बोट नेलं, गालावर टेकवलं. काही झालं नाही. मग ते कपाळावरून, जावळावरून निवांत हात फिरवत बसले. दारात आलेलं गिऱ्हाईक मी हातानंच थांबवलं.

थोड्या वेळानं रुबीना हळूच म्हणाली, अब्बा, तो झोपला, ठेवते आता.

"मत रख, बेटा," रशीदभाई म्हणाले. "सोने दे उसको. मैं इधरिच बैठा हूँ."