खोळीतला बाप

लेकीच्या परदेशातल्या कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी ऑफिसातून रजा काढली, तिथूनच सगळं बिघडलं. मुलगी शिकायला तिकडे गेलेली आणि रजा इकडे बापाची, याचा आमच्या साहेबांना मेळ लागेना.

"तुम्ही घरी बसून करणार काय?" त्यांनी विचारलं.

"साहेब, पोरीला काही लागलं तर घरात कुणीतरी असावं."

साहेबांनी सही केली. (पाणीपट्टी विभागात मी नसलो तर कामाचं काय, असं ते विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलंच नाही. जरा लागलं मनाला.)

आता तुम्हाला खरं कारण सांगतो. आमच्या घरात लेकीचा फोन माझ्यासाठी कधी येत नाही. माझ्या नंबरावर आला तरी पुढचं वाक्य ठरलेलं, "बाबा, आईला दे." शाळेत बक्षीस मिळालं, आईला दे. पाय मुरगळला, आईला दे. परवा परक्या देशात विमानातून उतरल्यावर पहिला फोन मी उचलला, तर "बाबा, पोचले, आईला दे." इतकी वर्षं मी या घरात टेलिफोन ऑपरेटरची बिनपगारी नोकरी करतोय. पण बायको एका प्रयोगशाळेत कामाला आहे आणि ड्यूटीवर तिला फोन कपाटात ठेवावा लागतो. म्हणजे त्या दिवशी दुपारपर्यंत लेकीला माझ्याशिवाय गत्यंतर नव्हतं. अशी संधी सोडणारा बाप मी नव्हे.

निघताना बायकोने बजावलं, "अहो, तिला उगाच शहाणपण शिकवू नका. आणि पलंगावर काढून ठेवलंय त्याला हात लावू नका."

"बरं," मी म्हणालो. (लग्न झाल्यापासून मी हा शब्द काहीही न ऐकता म्हणू शकतो.)

बाराच्या सुमाराला व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. लेकीचं नाक लाल.

"बाबा, आई फोन का उचलत नाहीये? आईला दे ना."

"आई ड्यूटीवर. मला सांग."

"तुला नाही जमणार ते."

"अगं, सांगून तर बघ! सरकारी नोकरीत आहे मी, न जमणारी कामंच करत आलोय."

तिने फोन फिरवून खोली दाखवली. छोटीशी खिडकी, भिंतीला लागून पलंग, न उघडलेली एक बॅग, आणि पलंगावर एक जाडजूड दुलई, अर्धी खोळीत, अर्धी बाहेर.

"घरमालकिणीने दुलई वेगळी दिली, खोळ वेगळी. एक कोपरा घातला की दुसरा बाहेर येतो. सकाळपासून तेच करतेय." आणि तिचा बांध फुटला. "आज पहिलं लेक्चर आहे, बाबा. मी इथे कुणाला ओळखत नाही. आणि मला साधी दुलईसुद्धा घालता येत नाही! मला नाही राहायचं इथे. मी परत येते."

दुलईसाठी कुणी एवढं रडत नाही, हे माझ्यासारख्यालाही कळलं. बायको असती तर नेमकं काय बोलायचं ते तिला सुचलं असतं. मला सुचेना. पोर आज त्या वर्गात गेली नाही तर उद्या बॅग उचलून परत येईल, एवढं मात्र दिसत होतं. आणि समोर आमच्या पलंगावर, देवाने पाठवल्यासारखी, एक दुलई आणि तिची खोळ पडली होती.

"हात्तिच्या! एवढंच ना?" मी म्हणालो. "थांब, करून दाखवतो."

(मी आयुष्यात उशीलासुद्धा अभ्रा घातलेला नाही.)

फोन पावडरच्या डब्याला टेकवून उभा केला आणि मी पलंगावर चढलो. "नीट बघ हं. चूक कुठे होते? लोक बाहेरून घालायला जातात. खरी युक्ती म्हणजे दोन कोपरे धरायचे आणि माणसाने स्वतःच आत जायचं."

"बाबा, आत?"

"मग कोपऱ्यापर्यंत पोचणार कसं?"

डोकं घातलं, खांदे घातले, बघता बघता पायांसकट आत गेलो. एक कोपरा जागेवर बसला. दुसऱ्यासाठी वळलो, तशी दुलईही माझ्याबरोबर वळली. तरी माझा उत्साह कमी झाला नाही. "आता महत्त्वाचं," मी आतून ओरडलो, "दुलई निसटू नये म्हणून चेन आतूनच ओढून घ्यायची!" चेन सर्रकन सरकली, माझ्या बनियनचा घास घेतला आणि तिथेच रुतून बसली.

"बाबा, पण तू बाहेर कसा येणार?"

या मुद्द्याचा मी विचार केलेला नव्हता.

"येतोय येतोय," म्हणत मी एक हिसडा मारला आणि दुलईसकट पलंगावरून खाली आलो. (दुलई होती म्हणून हाडं वाचली. तिचे उपकार मी विसरणार नाही.) मग फोनमधून नाकातून फुटल्यासारखा एक आवाज आला आणि लेक हसायला लागली. चांगली खदाखदा, श्वास अडकेपर्यंत. मी जमिनीवर गाठोडं होऊन पडलो होतो, नाकात दुलईची लोकर गेली होती, पण खरं सांगतो, तसं हसू ऐकायला मिळत असेल तर मी संध्याकाळपर्यंत तिथे पडून राहिलो असतो.

"बाबा, हलू नकोस! मी खालच्या काकूंना फोन करते."

"काकूंना नको!"

फोन बंद झाला होता.

खालच्या काकू म्हणजे निवृत्त पी.टी. शिक्षिका. पाच मिनिटांत बेल वाजली आणि दाराबाहेरून आज्ञा सुटली, "उभे राहा! सरळ पुढे चला! आता डावीकडे!" मी उड्या मारत गेलो, वाटेत एक खुर्ची पाडली, आणि खोळीतूनच चाचपडत कडी काढली.

"आत कोण आहे?" काकूंनी दरडावून विचारलं.

"मीच."

"कशावरून?"

"काकू, मी वरचा! पाणीपट्टीतला!"

"असं होय? मग आमच्या बिलाचा अर्ज दिलाय मी तीनदा, त्याचं काय झालं?"

"काकू, आधी चेन..."

"आधी बिल."

"उद्या करतो!"

"मोठ्यांदा!"

"उद्या करतो, काकू!" (एखाद्या अर्जाचा इतक्या तातडीने निकाल लागल्याचं आमच्या विभागात दुसरं उदाहरण नाही.)

त्यांनी चेन ओढून पाहिली. ढिम्म हलेना. शेजारणी दारात जमल्या. त्यांच्या बोलण्यावरून एवढं कळलं, की फुलाफुलांचं कापड मला शोभतंय. तेवढ्यात ओळखीच्या चपलांचा आवाज आला आणि थांबला.

"अहो," बायको म्हणाली, "त्या खोळीची चेन बिघडलीये. ती बदलायला म्हणूनच काढून ठेवली होती."

मग कात्री आली. खोळ फाटू नये म्हणून बनियन कापला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला, अर्थात आईला. मी शेजारी बसून ऐकत होतो. तिचं हसणं ऐकून शेजारच्या खोलीतली मुलगी काय झालं म्हणून बघायला आली होती. तिने ती दुलई मिनिटभरात घालून दिली. खोळ उलटी करायची, हात आत घालून दोन कोपरे धरायचे, त्याच हातांनी दुलईचे कोपरे पकडायचे आणि झटकायचं. आत वगैरे कुणी जात नाही. मग दोघी मिळून लेक्चरला गेल्या. दोघी एकाच वर्गात होत्या!

"म्हणजे माझ्यामुळेच मैत्रीण मिळाली तिला," मी म्हणालो.

बायकोने डोळे पुसले आणि चक्क मान डोलावली. फोन मात्र माझ्याकडे दिला नाही.

रविवारी माझा फोन वाजला. लेकीचा. मी सवयीने म्हणालो, "थांब हं, आईला देतो."

"नको बाबा. तूच हवास."

मी बायकोकडे पाहिलं. तिनेही ऐकलं होतं. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, छाती आपोआप पुढे आली. "बोल, बाळा."

"बाबा, माझ्या खोलीत सहा जणी येऊन बसल्यात. माझ्यावर कुणाचा विश्वासच बसत नाहीये. एकदा परत आत जाऊन दाखवशील?"

नवऱ्याची अब्रू वाचवायला बायको मधे पडेल, या आशेने मी वळलो. ती कपाटातून खोळ काढत होती.

"नवी चेन लावलीये," ती म्हणाली. "पण बनियन काढून जा. नवा आहे तो."