रांजणावरची विलायती थाळी

दोन हजार सहा साली यवतमाळ जिल्ह्यातले संकट अधिकृत झाले. कापूस त्याआधीही बुडतच होता, पण विहित नमुना नसल्यामुळे तो बुडतो आहे असे कोणाला म्हणता येत नव्हते. आता चौऱ्याऐंशी प्रश्नांचा फॉर्म आला आणि राळेगाव तालुक्याचे संकट मोजण्याची जबाबदारी नायब तहसीलदार नरहरराव यांच्यावर पडली.

नरहरराव लाच खात नसत. त्यांना एकच व्यसन होते, जुन्या इंग्लिश आयर्नस्टोनच्या, म्हणजे दणकट चिनी मातीच्या भांड्यांचे. कापूस खरेदीला आलेले गोरे साहेब जाताना जी जाडजूड, हाताने फुलेपाने रंगवलेली भांडी बंगल्यांत टाकून गेले, ती ते वीस वर्षे गावोगाव हुडकत होते. कोणाकडे चहाला गेले की बशी उलटी करून मागचा शिक्का बघायचे. त्यात दोनदा यजमानांच्या सतरंजीवर चहा सांडला होता. त्यांच्या काचेच्या कपाटात सतरा नग होते. त्यातले एक झाकणाचे भांडे ते पाहुण्यांना सूपचे म्हणून दाखवत. गोरा साहेब ते रात्री खाटेखाली ठेवत असे, हे त्यांना सांगण्याची कोणाची छाती झाली नाही.

फॉर्ममधला एकसष्टावा प्रश्न होता : कुटुंबाकडे विदेशी बनावटीची वस्तू आहे काय? असल्यास कुटुंब सधन समजावे. नरहररावांना हा प्रश्न वाचून देव पावला. त्यांनी तलाठ्यांना लेखी कळवले की प्रत्येक घरातील भांडी उलटी करून तपासावीत. महिन्याभरात तालुक्याचा अहवाल तयार झाला. त्यात कापसाचा रकाना कोरा होता आणि भांड्यांच्या रकान्याला तीन पुरवण्या जोडल्या होत्या.

तिसऱ्या पुरवणीत नलूबाईचे नाव सापडले, तेव्हा नरहरराव जातीने तिच्या घरी गेले. नलूबाई दरवर्षी कापूस वेचायला जाई. यंदा ते काम नव्हते.

"कापूसच नाही साहेब, त वेचाले कोन बलावते?" ती म्हणाली. "माही मोनाली नर्सिंगले लागली यवतमाळले. संकटाचा दाखला असन त होस्टेल फुकट हाय म्हन्तेत. शुक्रवारपावतर द्याचा हाय, नाही त पोरगी घरी बसते."

नरहररावांना यातले एक अक्षर ऐकू आले नाही. ते रांजणाकडे बघत होते. रांजणावर निळ्या फांद्यांची, तांबड्या फुलांची मोठी थाळी होती आणि मधोमध एक पक्षी होता, ज्याची शेपटी रंगवणाऱ्याने घाईत जरा वाकडी काढली होती. नरहररावांनी थाळी उचलून उलटी केली. शिक्का होता. तो त्यांनी रुमालाने पुसून पुन्हा वाचला.

"बाई, हे काय आहे?"

"झाकन हाय साहेब. पान्यात पाल पडू नये म्हनून."

"ही विलायती वस्तू आहे. तुमचं कुटुंब सधन आहे."

नलूबाईने घरभर नजर फिरवली. "कुठी?" तिने विचारले.

"नियम आहे. ही थाळी घरात असेपर्यंत मला दाखल्यावर सही करता येणार नाही."

"मंग फेकून देतो."

"अहो!" नरहरराव किंचाळले. मग घसा खाकरून म्हणाले, "नोंद झालेली वस्तू फेकणं हा गुन्हा आहे."

विकत घ्यावी तर ते नियमात बसत नव्हते आणि भेट घेणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. अखेर त्यांनी मार्ग काढला. दोन तलाठ्यांच्या साक्षीने 'संकटनिवारणार्थ विदेशी वस्तूचे विलगीकरण' असा पंचनामा झाला. तहसील कार्यालय गळके असल्याने थाळी नरहररावांच्या यवतमाळच्या घरी जतन करावी असे ठरले, आणि वाहतुकीची तरतूद नसल्याने ती नलूबाईनेच आणून द्यावी असेही ठरले.

शुक्रवारी सकाळी नलूबाई जुन्या लुगड्यात थाळी गुंडाळून एसटीने आली. दिवाणखान्यात उंबऱ्याशी बसली. नरहररावांनी दाखल्यावर सही केली. तिने तो दोनदा नीट बघून पिशवीत घातला. मग नरहररावांनी एक कोरे कार्ड काढले, कारण जुन्या भांड्याला वंशावळ लागते.

"ही तुमच्याकडे आली कशी?"

"माही आजेसासू साहेबाच्या बंगल्यात झाडझूड करे. एक डाव मडमीनं तिले ह्या थाळीत भात वाढला. ती जेवली, त खानसाम्यानं थाळी अंदर घेतलीच नाही. थाळी बाटली म्हने. घेऊन जाय तुही थाळी, म्हने. आजेसासूनं आनली, पन तिच्यात घरच्या कोनाले जेवू देल्लं नाही. दीक्षा घेतल्यावर म्हने, रांजनावर ठेवा. पान्याले जात नसते."

नरहररावांच्या पत्नी रत्नप्रभाबाई पदराने थाळी पुसत होत्या. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि हात मागे घेतला.

"अगं, सत्तर वर्षं झाली," नरहरराव म्हणाले. "साठीनंतर विटाळ जातो. मग तिला पुराणवस्तू म्हणतात."

कार्डावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले, 'मूळ मालकांकडून राळेगाव येथील कुटुंबास सप्रेम भेट.' थाळी कपाटात ठेवली, कुलूप लावले आणि काचेवर छापील पाटी डकवली, 'कृपया स्पर्श करू नये.'

मग चहा आला. नवराबायकोला फुलांच्या कपांत आला. नलूबाईसाठी रत्नप्रभाबाईंनी मोरीच्या खिडकीतला बिनकानाचा कप खाली काढला आणि चहा वरूनच ओतला. नलूबाईने तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. पिशवीतल्या दाखल्यावरून एकदा हात फिरवला आणि उठून उभी राहिली.

"साहेब, हा कप धुवून ठेवू, का घेऊन जाऊ? साठ वर्षांनं मोनालीच्या नातीले दाखला लागला, त कामी येईन."

नरहररावांनी कपाटाचे कुलूप एकदा ओढून पाहिले. वाचकहो, तुम्ही मात्र त्यांना खुशाल हसा. फक्त त्याआधी उठून बघून या, तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी आज सकाळी ज्या कपातून चहा घेतला, तो कुठल्या फळीवर आहे.